खेळाच्या गोष्टी वापरून मुलांची भीती कमी करायची कशी: गोष्ट निवडण्यापासून असेंब्लीच्या माइकपर्यंत

बहुतेक ठिकाणी होतं ते असं. वर्गातलं एक मूल असेंब्लीत वाचायला घाबरतं, मग टीचर किंवा घरचे त्याला कोणातरी मोठ्या खेळाडूची गोष्ट सांगतात, तो लहानपणी कसा होता, किती घाम गाळला, शेवटी कप कसा उचलला, आणि गोष्ट संपता संपता लगेच 'बघ, त्याला जमलं, मग तुला का नाही जमणार?' मूल मान हलवतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या पोटात दुखतं.

गोव्यात बऱ्याच टीचर आणि पालक मनापासून हे करतात आणि मग म्हणतात की गोष्टींचा काही उपयोग होत नाही. उपयोग होतो, नक्की होतो, पण गोष्टीचं काम ठरलेलं आहे: भीती कशी दिसते ते मुलाला थोडं लांबून बघायला देणं, आणि पहिलं लहान पाऊल कुठलं ते दाखवणं. बाकीचं काम वर्गात, ग्राउंडवर, माइकसमोर करावं लागतं आणि ते ठराविक क्रमाने करावं लागतं. तो क्रम खाली सविस्तर देतेय. साधारण चौथी ते आठवीच्या मुलांना धरून लिहिलंय.

आधी हे ठरवा: कुठली भीती घ्यायची, कुठली नाही

हा भाग गाळू नका, पुढचं सगळं यावर उभं आहे.

काही भीती चांगल्या असतात, त्या तशाच राहू द्यायच्या. पावसात भरलेल्या चिऱ्यांच्या खाणीत उतरायला मूल घाबरतं, नदीच्या बांधाऱ्यावरून उडी मारायला नाही म्हणतं, तर ते मूल शहाणं आहे, त्याला धीट करायला जाऊ नका. पाण्याची भीती घालवायचीच असेल तर स्विमिंग पूल, शिकवणारा कोच आणि लाइफगार्ड, एवढं असेल तरच, घरामागच्या तळीत नाही.

दुसरी, एखाद्या माणसाची भीती. मूल कबड्डीला घाबरत नाही पण कबड्डी शिकवणाऱ्याला घाबरतं, किंवा एका ठराविक माणसाबरोबर जायची वेळ आली की गप्प होतं, तर तिथे गोष्टबिष्ट काढायची नाही. मुलाला शांतपणे ऐकायचं, मुख्याध्यापकांना सांगायचं, आणि लैंगिक छळाची शंका असेल तर पोक्सो म्हणजे मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं हे तुमच्यावर बंधनकारक आहे, 'आधी खात्री करून घेऊया' म्हणून थांबायचं नसतं. मुलांसाठीच्या चाइल्डलाइन हेल्पलाइनचा नंबर १०९८.

तिसरी, जी गोष्टीच्या आवाक्याबाहेर गेलीय अशी. मूल कित्येक दिवस शाळेतच येत नाही, झोप उडालीय, जेवत नाही, जगायचं नाही असं काही बोलतं. शाळेच्या कौन्सेलरना लगेच सांगा, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, बांबोळीला मनोविकारांची सरकारी संस्था आहे. गोष्टी मग नंतर, आणि त्यांना विचारूनच.

उरलेल्या रोजच्या भीती आपल्या कामाच्या. सगळ्यांसमोर वाचणं, अचानक प्रश्न विचारला जाणं, पेपरात वेळ संपणं, हरणं, चुकल्यावर सगळ्यांनी हसणं, बॉल लागणं, आणि आपल्याकडची खास म्हणजे चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकून पाचवीला हायस्कुलात गेल्यावर एकदम सगळं इंग्लिशमधून येणं. ही शेवटची भीती आपण फार हलकी समजतो, 'होईल सवय' म्हणतो, आणि ते मूल सहा महिने तोंड उघडत नाही.

टप्पा १: आठवडाभर नुसतं बघा आणि ऐका

लगेच गोष्ट शोधायला धावू नका. आधी एका वहीत तीन गोष्टी टिपा.

पहिली, भीती नेमकी कुठल्या क्षणी येते. 'असेंब्लीला घाबरतो' हे पुरेसं नाही. नाव पुकारल्यावर? पायऱ्या चढताना? माइकमधून स्वतःचा आवाज ऐकू आल्यावर? एकाच असेंब्लीला घाबरणाऱ्या दोन मुलांचा क्षण वेगळा असू शकतो आणि मग गोष्टही वेगळी लागते.

दुसरी, अंगात काय होतं. हात ओले, तोंड कोरडं, लघवीला जावंसं वाटणं.

तिसरी, मूल सुटतं कसं. हे फार महत्त्वाचं आहे. कोणी पेन्सिल खाली पाडून बाकाखाली जातं, कोणी सोमवारीच आजारी पडतं, कोणी मस्ती करून शिक्षा घेतं कारण शिक्षा म्हणजे वर्गाबाहेर, म्हणजे वाचायला नको. सुटल्यावर मुलाला लगेच बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यामुळेच पुढच्या वेळी भीती जास्त घट्ट होते. भीती वाढते ती अशी. त्यामुळे दर वेळी दया येऊन 'बस, राहू दे' म्हणणारी टीचर प्रेमानेच पण भीतीला खतपाणी घालत असते.

मग एकटं गाठून, म्हणजे मधल्या सुट्टीत सहज, विचारा की ते वाटतं ते किती मोठं, शून्य ते दहा, बोटांनी दाखव. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे पळून जावंसं. मूल कोकणीत बोललं तर बोलू द्या, 'म्हाका जमना' हे त्याला जसं सांगता येतं तसंच सांगू दे. मराठीचा तास असला तरी.

सावध: वर्गासमोर 'कोणाकोणाला भीती वाटते, हात वर करा' असं कधीही विचारू नका. ज्याला खरी भीती आहे तो हात वर करणारच नाही, आणि केलाच तर दुपारपर्यंत त्याला चिडवायला नाव मिळालेलं असतं.

तपासा: क्षण, अंग, सुटका आणि बोटांचा आकडा, चारही वहीत आहेत का? एक जरी नसेल तर अजून दोन दिवस थांबा.

टप्पा २: भीतीच्या घडणीप्रमाणे खेळ निवडा

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. मुलाला फुटबॉल आवडतो म्हणून फुटबॉलची गोष्ट, झालं. आवड बघायचीच पण त्याआधी भीतीची घडण बघायची, आणि तीच घडण कुठल्या खेळात आहे ते शोधायचं.

सगळ्यांसमोर एकट्याने उभं राहण्याची भीती असेल तर कबड्डीची चढाई. एकटी मुलगी पलीकडे जाते, समोर सातजणी, वेळ ३० सेकंद, सगळे तिच्याकडेच बघतायत. फुटबॉलची पेनल्टी पण चालते, गोलपासून ११ मीटरवर बॉल ठेवलेला आणि मारणारा एकटा.

टीचर अचानक प्रश्न विचारतील ही भीती असेल तर खो-खो. पाटीवर बसलेल्या मुलाला माहीत नसतं की 'खो' कधी मिळणार, तो मागून येतो, आणि मिळाला की उठायलाच लागतं. ही गोष्ट ऐकताना मुलं स्वतःहूनच पाठ ताठ करून बसतात.

चूक होईल याची भीती असेल तर रिले. बॅटन खाली पडला म्हणजे सगळं संपलं असं बहुतेक मुलांना वाटतं, पण नियम तसा नाही. ज्याच्या हातून पडला त्याने तो उचलायचा आणि पुढे पळायचं, दुसऱ्या कोणाला अडथळा केला नाही आणि अंतर कमी केलं नाही तर टीम बाद होत नाही. नुसता हा नियम कळल्यावरच काही मुलांचा चेहरा बदलतो.

पेपरात वेळ संपण्याची भीती असेल तर घड्याळ लावून खेळायचं बुद्धिबळ. नव्या शाळेची, नव्या भाषेची भीती असेल तर नव्या टीममध्ये आलेला खेळाडू, बेंचवर बसलेला, ज्याला मैदानातल्या हाका कळत नाहीत. हरण्याची भीती असेल तर ज्यात पात्र शेवटी हरतं अशी गोष्ट, आणि ती खरंच हरणारीच हवी.

अपवाद फक्त अंगाला लागण्याच्या भीतीचा. मूल बॉललाच घाबरत असेल तर गोष्टही बॉलचीच घ्या, तिथे आडून जाण्यात अर्थ नाही.

सावध: गोष्टीतला खेळ तुम्हाला नीट माहीत हवा. मुलांना नियम पाठ असतात, गोष्टीत पेनल्टीला खेळाडूंची भिंत उभी केलीत की पहिल्याच पानावर ती हसतील आणि मग गोष्टीवरचा विश्वास गेला. पीटी सरांना एकदा वाचून दाखवा, दहा मिनिटांचं काम आहे.

टप्पा ३: गोष्ट मिळवा, नाहीतर लिहा

आधी एक स्पष्ट करते, चरित्र आणि गोष्ट वेगळं. आपल्याकडे ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलकीपर झाला, भारताचा कॅप्टन झाला, भक्ती कुलकर्णीला बुद्धिबळासाठी २०२२चा अर्जुन पुरस्कार मिळाला, हे मुलांना जरूर सांगा, भिंतीवर फोटो लावा. पण भीतीच्या कामाला चरित्र चालत नाही, कारण शेवट आधीच माहीत असतो. ज्याचं नाव माहीत आहे तो जिंकलेलाच असतो. काल्पनिक पात्राचं काय होणार ते कोणालाच माहीत नसतं, म्हणून मूल त्याच्याबरोबर घाबरू शकतं. आपल्याला हवंय ते हेच.

पणजीला पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत मुलांचा विभाग आहे, तालुक्यांच्या लायब्ऱ्या आहेत, मुलांचे जुने दिवाळी अंक चाळले तर खेळाच्या गोष्टी सापडतात. पण खरं सांगायचं तर मराठीत मुलांसाठी खेळाच्या गोष्टी कमीच आहेत आणि ज्या आहेत त्यातल्या पुष्कळ शेवटी ट्रॉफी घेऊनच थांबतात. त्यामुळे स्वतः लिहायची तयारी ठेवा. साधारण ८०० शब्द, मोठ्याने वाचायला सात-आठ मिनिटं. साहित्य म्हणून ती ग्रेट नसली तरी चालेल, पण पुढच्या पाच गोष्टी तिच्यात पाहिजेतच.

१. पात्र तुमच्या मुलापेक्षा वेगळं हवं. गाव वेगळं, नाव वेगळं, जमलं तर भीतीचं कारणही वरवर वेगळं. वर्गातल्या रोहनसाठी गोष्टीत रोशन ठेवलात तर सगळ्यांना कळतं.

२. भीती अंगात दाखवा, आणि लवकर दाखवा.

३. पात्र एकदा पळून जायला हवं, आणि पळणं जमायलाही हवं. त्याला बरं वाटू दे. मग थोड्या वेळाने त्या पळण्याची किंमत दिसू दे.

४. मदत करणाऱ्याने भाषण द्यायचं नाही, एक करता येण्यासारखी लहान गोष्ट सांगायची.

५. शेवटी फक्त ती लहान गोष्ट पुरी होऊ दे. मॅच हरली तरी चालेल.

आता हेच लिहून दाखवते. लोक साधारण असं लिहितात: 'श्रेया घाबरली होती. पण तिने मनाशी निर्धार केला. आत्मविश्वासाने ती पुढे गेली आणि चार खेळाडूंना बाद करून तिने संघाला विजय मिळवून दिला.' यात घाबरलेल्या मुलाला धरायला काहीच नाही, निर्धार म्हणजे नेमकं काय करायचं ते त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

त्याऐवजी असं बघा:

'सर म्हणाले, श्रेया, जा. श्रेया मध्यरेषेपाशी आली. समोर सातजणी, हात धरून. तिने तळवे ट्रॅकपँटला पुसले, तरी ओलेच. तोंड इतकं कोरडं की कबड्डीमधला क निघेना. मागून कोणीतरी बोललं, हिला कित्याक धाडली? श्रेया खाली वाकली, बुटाची लेस सोडली आणि परत बांधायला लागली. लेस बांधलेलीच होती.'

आणि पुढे, तिच्या जागी दुसरी मुलगी गेली, ती पकडली गेली, हाफटाइमला श्रेया पाण्याच्या बाटलीशी खेळत बसली, तेव्हा बेंचवरची मोठी मुलगी येऊन म्हणते, 'पुढच्या खेपेला कोणाला हात लावू नकोस. निदान रेषा ओलांड आणि परत ये. बस.'

कबड्डी खेळणाऱ्यांना माहीत आहे की हे नियमात बसतं. चढाई करणारीने निदान रेषा, म्हणजे मध्यरेषेपलीकडे समोरच्या टीमच्या भागात आखलेली रेषा, ओलांडायलाच लागते, नाहीतर ती बाद, पण ओलांडून कोणाला न शिवता श्वास न सोडता परत आली तर ती रिकामी चढाई, पॉइंट कोणालाच नाही, आणि ती बाद पण नाही. श्रेया तेवढंच करते. जाते, रेषेपलीकडे पाय टाकते, परत येते. मॅच त्यांची टीम हरते. गोष्ट संपली.

मी एवढं कबड्डीवर बोलतेय कारण या एका रेषेचा पुढे फार उपयोग होतो, सहाव्या टप्प्यात बघा.

सावध: गोष्ट फातोर्ड्याच्या स्टेडियमवर, लाइटखाली, हजारो लोकांसमोर घडवू नका. भात कापल्यानंतरच्या शेतात, शाळेच्या हॉलमध्ये, चर्चच्या किंवा देवळाच्या बाजूच्या ग्राउंडवर घडू दे. प्रसंग जितका मोठा तितकी ती गोष्ट मुलाला दुसऱ्याची वाटते.

टप्पा ४: वाचन, आणि मध्येच थांबणं

कोणाला घेऊन बसायचं? त्या एका मुलाला एकटं घेऊन बसलात तर त्याला लगेच कळतं की हे आपल्यासाठी चाललंय. अख्खा वर्ग घेतलात तर बोलणारी चार मुलंच बोलतात. सहा ते आठ मुलं बरी, त्यात दोन-तीन अशी ज्यांना ही भीती नाही. नाव वाचन क्लब, गोष्टींचा तास, काहीही, पण 'आत्मविश्वास वर्ग' वगैरे नको.

वेळ म्हणाल तर पावसाळा उत्तम. जून ते सप्टेंबर ग्राउंडवर चिखल, पीटीचा तास असाच वाया जातो, मुलं खेळासाठी आसुसलेली असतात, तेव्हा खेळाची गोष्ट घेऊन बसायचं. फक्त गणेश चवथीच्या सुट्टीच्या अगदी आधी सुरू करू नका, मध्ये खंड पडला की पहिल्यापासून करावं लागतं.

तुम्ही स्वतः मोठ्याने वाचा. मुलांना वाचायला लावू नका, वाचायची भीती घालवायला बसलोय आणि पहिल्याच दिवशी वाचायला लावतो, असं होतं काही ठिकाणी.

आणि आता मुख्य भाग. गोष्ट एका दमात वाचायची नाही. भीती जिथे सगळ्यात जास्त आहे तिथे थांबायचं. वरच्या गोष्टीत 'लेस बांधलेलीच होती' इथे. पुस्तक मांडीवर ठेवा, दहा-पंधरा सेकंद काहीच बोलू नका. ही शांतता टीचरना झेपत नाही, लगेच काहीतरी समजवावंसं वाटतं, पण गप्प राहा. कोणीतरी हळूच बोलतंच.

तपासा: थांबायची जागा आधीच पेन्सिलीने खुणा करून ठेवलीय का? ऐनवेळी ठरवायला गेलात तर वाचनाच्या ओघात पुढे निघून जाल.

टप्पा ५: पात्राबद्दल बोला, मुलाबद्दल नाही

पहिला प्रश्न साधा ठेवा, 'तिने लेस का सोडली असेल?' मग 'तिच्या पोटात काय होत असेल?' मग 'ती आता जाईल की नाही, काय वाटतं?' मुलांना भांडू द्या यावर. कोणी म्हणेल जाणार, कोणी म्हणेल ती आजारी असल्याचं सांगेल. जे मूल 'ती आजारी असल्याचं सांगेल' म्हणतं त्याच्याकडे लक्ष ठेवा, त्याला ती युक्ती माहीत आहे.

विचारायचा नसलेला प्रश्न एकच, 'तुला कधी असं झालंय का?' त्या क्षणी मूल गोष्टीतून बाहेर येतं आणि दार बंद करतं. ते स्वतःहून म्हणालं की 'टीचर, माझं पण असंच होतं', तर 'हो?' एवढंच म्हणा आणि ऐका. लगेच उपाय काढू नका, आणि बाकीच्या मुलांना 'बघा किती धीट आहे' म्हणून दाखवू तर नकाच.

मग उरलेली गोष्ट वाचा. श्रेया रेषेपर्यंत जाऊन आली, टीम हरली. इथे एखादा हमखास म्हणतो, 'मग काय उपयोग, हरलीच ना!' याचं उत्तर तुम्ही द्यायचं नाही. दुसऱ्या मुलांना विचारा की श्रेयाला पुढच्या मॅचला सर पाठवतील का, आणि पाठवलं तर ती लेस सोडेल का. हा वाद मी नेहमी रंगू देते, तास संपला तरी, कारण हरणं आणि पुढे सरकणं या दोन गोष्टी एकत्र असू शकतात हे मुलं इथे आपणहून बोलून दाखवतात.

शेवटी पाहिजे तर पुढची मॅच लिहायला किंवा काढायला सांगा. शुद्धलेखन तपासायचं नाही, मार्क द्यायचे नाहीत. ज्याची भीती मोठी आहे ते मूल बहुतेक वेळा दोनच ओळी लिहितं पण त्या दोन ओळींत त्याची पायरी सापडते.

सावध: तात्पर्य सांगू नका. फळ्यावर तात्पर्य लिहिलंत की गोष्ट मराठीच्या पेपरातला धडा झाली.

टप्पा ६: मुलाबरोबर बसून शिडी बनवा

हे एक-दोन दिवसांत करा, गोष्ट ताजी असताना. आता एकट्याबरोबर. सुरुवात गोष्टीतूनच, 'श्रेयाची निदान रेषा होती, तशी असेंब्लीची निदान रेषा कुठली असेल?' मूल सांगेल. खरंच सांगतं. माइकजवळ जाऊन नुसती तारीख वाचायची आणि परत यायचं, असं एका मुलीने सांगितलं होतं आणि त्यापेक्षा चांगली पायरी मला सुचली नसती.

मग तिथपर्यंत पोचायच्या लहान पायऱ्या. असेंब्लीसाठी साधारण अशा होतात:

१. जिन्याखाली एका मैत्रिणीला दोन ओळी वाचून दाखवायच्या.
२. आपल्या बाकावर उभं राहून शेजारच्या दोन बाकांना ऐकू येईल एवढं वाचायचं.
३. शाळा सुटल्यावर रिकाम्या स्टेजवर, माइक बंद.
४. तिथेच, माइक चालू, ऐकायला फक्त टीचर.
५. वर्गासमोर वार आणि तारीख.
६. असेंब्लीत मैत्रिणीबरोबर, आपण फक्त वार आणि तारीख. ही निदान रेषा.
७. असेंब्लीत एक पूर्ण बातमी.

प्रत्येक पायरीसमोर बोटांचा आकडा लिहून घ्या. पहिली पायरी तीनच्या वर असेल तर ती मोठी झाली, आणखी लहान करा. मधल्या दोन पायऱ्यांमध्ये तीनवरून एकदम आठ होत असेल तर मध्ये अजून एक घाला.

पाचवीच्या इंग्लिशच्या भीतीसाठी शिडी वेगळी: आधी हजेरीला 'प्रेझेंट' मोठ्याने, मग टीचरकडे जाऊन एक वाक्य इंग्लिशमध्ये मागणं, पाणी पिऊन येऊ का एवढं, मग बाजूच्याला पुस्तकातली एक ओळ वाचून दाखवणं, मग उत्तर आधी मराठीत सांगून नंतर टीचरच्या मदतीने इंग्लिशमध्ये. अडखळल्यावर वर्ग हसणार नाही याची जबाबदारी तुमची, आणि ती तुम्ही आधीच घेतलेली असली पाहिजे.

तपासा: शिडी मुलाच्या अक्षरात आहे का? तुमच्या अक्षरात असेल तर ती तुमची शिडी.

टप्पा ७: प्रत्यक्ष पाऊल

पहिली पायरी त्याच आठवड्यात. गोष्ट वाचली, छान बोलणं झालं, आणि मग तीन आठवडे काहीच नाही, असं झालं तर गोष्ट नुसती गोष्टच राहते.

आधी सांगायचं, कधी करणार ते. अचानक 'चल, आज माइकवर जा' हे नको, मुलाचा तुमच्यावरचा विश्वास एका मिनिटात जातो. करताना आकडा विचारा, केल्यावर परत विचारा. एक पायरी एकदा करून पुढे जायचं नसतं, तीच पायरी परत परत, वेगवेगळ्या दिवशी, आकडा निम्म्यावर येईपर्यंत. सातचा तीन-चार झाला की पुढची.

भीती सगळ्यात वर असताना मूल खाली उतरायला बघेल. तेव्हा ओढून ठेवायचं नाही पण लगेच सोडायचंही नाही, 'थोडं इथेच उभी राहा, वाचू नकोस, नुसती उभी राहा, मी आहे' असं म्हणा. भीती वर जाते तशी तिथे थांबल्यावर खाली पण येते, आणि ते खाली येणं मुलाने स्वतः अनुभवायला हवं, आपण कितीही सांगितलं तरी पटत नाही. अगदीच असह्य झालं तर एक पायरी खाली करून थांबा, शून्यावर सोडून देऊ नका. त्या दिवशीचा शेवट जमलेल्या पायरीवर व्हायला हवा.

कौतुक कसं करायचं हे पण बघा. 'छान वाचलंस' म्हटलं की पुढच्या वेळी वाईट वाचलं तर काय, ही नवी भीती तयार होते. 'निदान रेषा ओलांडलीस' म्हणा. आमच्याकडे मुलं स्वतःच येऊन सांगतात, 'टीचर, आज निदान रेषाच हां, जास्त नाही', आणि त्या दिवशी तेवढंच करायचं. बाकीच्यांना यातलं काही कळत नाही, त्यामुळे मुलाची लाज पण राहते.

घरच्यांना एकदा शाळेत बोलवून शिडी दाखवा आणि दोन गोष्टी सांगा. एक, पाहुणे आल्यावर 'म्हणून दाखव गो कविता' असं करायचं नाही. दोन, पायरी जमली म्हणून सायकल, मोबाइल असलं मोठं बक्षीस नको, संध्याकाळी तिच्याबरोबर अर्धा तास बॅडमिंटन खेळा, पुष्कळ झालं. वडील म्हणतील की आमच्या वेळी दोन फटके दिले की सगळी भीती जायची. त्यांच्याशी वाद घालत बसू नका, त्यांना पहिल्या पायरीचा आणि आत्ताचा आकडा दाखवा.

सावध: मूल आजारी, घरात भांडण, परीक्षेचा आठवडा, असं काही असेल तर नवी पायरी घेऊ नका. जुनीच एक करून घ्या म्हणजे खंड पडत नाही.

टप्पा ८: मागे घसरलं तर

घसरतंच. चवथीची सुट्टी झाली, नाताळची झाली, मूल परत येतं आणि जिन्याखाली पण वाचायला तयार नसतं. किंवा सहावी पायरी चांगली चाललेली आणि एक दिवस माइक शिट्टी मारतो, सगळे हसतात, संपलं. टीचरना वाटतं सगळी मेहनत फुकट गेली आणि ते चेहऱ्यावर दिसतं, मूल ते वाचतं.

अशा वेळी पूर्ण गोष्ट परत वाचू नका. फक्त लेसचा परिच्छेद वाचा, आणि एकच विचारा, 'श्रेयाने आज परत लेस सोडली तर बेंचवरची मुलगी तिला काय सांगेल?' मग शिडी काढा, जिथे अडलंय त्याच्या दोन पायऱ्या खाली या, आकडा परत लिहा. दुसऱ्या खेपेला पायऱ्या बहुतेक लवकर चढल्या जातात, पण घाई आपण करायची नाही. दोन-तीन आठवडे रोज करूनही पहिल्याच पायरीचा आकडा हलत नसेल तर शिडी चुकीच्या भीतीची बनलीय असं समजा आणि पहिल्या टप्प्यातली वही उघडा, बऱ्याचदा तिथे क्षण चुकीचा टिपलेला असतो, माइकची भीती समजून चाललेलो असतो आणि खरी भीती स्टेजच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या दहावीच्या मुलांची असते. वही बघूनही काही सापडत नसेल तर ती वही घेऊनच कौन्सेलरकडे जा, त्यांना त्यातल्या तारखा आणि आकड्यांचा फार उपयोग होतो.